रथसप्तमी ते होळी: मुंबई पायी बघायचे साडेपाच आठवडे

मुंबईत दिवसभर घराबाहेर राहावं असे दिवस वर्षात फार थोडे येतात. जून ते सप्टेंबर पाऊस, ऑक्टोबरात ऊन आणि दमटपणा एकत्र, एप्रिल-मे तर घामाचेच. डिसेंबर-जानेवारीत हवा चांगली असते, पण लग्नं, सुट्ट्या आणि पाहुणे यांत ते दोन महिने निघून जातात. उरतो माघ आणि अर्धा फाल्गुन. रथसप्तमीपासून होळीपर्यंत जेमतेम साडेपाच आठवडे. पहाटे पारा १७-१८ अंशांवर, दुपारी ३१-३२ पर्यंत. खाडीत रोहित पक्षी (फ्लेमिंगो) भरपूर, राष्ट्रीय उद्यानात काटेसावर फुललेली, बाजारात वालाच्या शेंगा, आणि दक्षिण मुंबईत कलेचे कार्यक्रम. माझ्या मते मुंबई बघायला याहून चांगला काळ नाही.

मात्र 'बघण्यासारखी दहा ठिकाणं' अशी यादी हातात घेऊन निघालात तर निम्मा वेळ चुकीच्या जागी चुकीच्या वेळी जाईल. या दिवसांत दोन गोष्टी पाहून बेत करायचा असतो: ऊन आणि समुद्र.

आधी वाऱ्याचा हिशोब

या महिन्यांत रात्री आणि पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. साधारण अकरा-बाराच्या सुमारास तो फिरतो आणि समुद्रावरून गार वारा येऊ लागतो. वारा वेळेवर फिरला तर दुपार सुसह्य जाते. तो लांबला, पूर्वेकडचा कोरडा वारा दोन-तीन वाजेपर्यंत टिकला, की पारा ३५च्या पुढे सरकतो. फेब्रुवारीअखेर अचानक एखादा दिवस मे महिन्यासारखा तापतो, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

त्यामुळे दिवसाचे तीन भाग करा. सकाळी सात ते अकरा उघड्यावर, अकरा ते चार छपराखाली, चारनंतर पुन्हा बाहेर. फेब्रुवारीच्या मध्याला सूर्योदय सातच्या थोडा नंतर आणि सूर्यास्त साडेसहाच्या थोडा नंतर होतो, हेही लक्षात असू द्या.

एक काळजी घ्यावी लागते. या दिवसांत पहाटेची हवा जमिनीलगत साचून राहते. धूळ आणि धूर त्यातच अडकतात. पूर्व उपनगरांत आणि बांधकामांच्या आसपास हे जास्त जाणवतं. दम्याचा त्रास असलेलं कुणी सोबत असेल तर निघण्यापूर्वी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 'समीर' अ‍ॅपवर आकडा बघा. खराब असेल तर बेत उलटा करा: सकाळ संग्रहालयात आणि बाहेरची फेरी संध्याकाळी, समुद्राचा वारा सुटल्यावर.

मग भरतीचा

कोकणात होडीवाल्यांपासून शाळकरी पोरांपर्यंत सगळ्यांना ठाऊक असलेला ठोकताळा आहे: तिथीची पाऊणपट करा, जो आकडा येईल त्या वाजता भरती. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे तीनला. अष्टमीला सहाला. द्वादशीला नऊला. शुद्ध पक्षात आणि वद्य पक्षात हिशोब तोच; दिवसातून दोनदा भरती येते, म्हणून सकाळ-संध्याकाळ दोन्हीकडे तोच आकडा. ओहोटी त्यानंतर सव्वासहा तासांनी. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येतो आणि भरतीही त्याच्याबरोबर सरकते, त्यावरून हा हिशोब आला. मुंबईत तो अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. दिवस निवडायला कालनिर्णय पुरे, पण नेमकी वेळ आणि पाण्याची उंची छापील किंवा ऑनलाइन तक्त्यावरच बघा.

हे गणित जमलं की पुढचे दोन बेत आपोआप जागेवर बसतात.

रोहित पक्षी: दशमी ते त्रयोदशी

ठाणे खाडीत रोहित पक्षी नोव्हेंबर-डिसेंबरपासून येऊ लागतात आणि मेअखेरपर्यंत राहतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्यांची संख्या भरपूर असते आणि ऊनही सोसण्यासारखं असतं. खाडीच्या चिखलातलं सूक्ष्म शेवाळ हे त्यांचं मुख्य खाणं. ओहोटीला चिखल उघडा पडला की ते पांगून चरतात. भरती चढू लागली की पाण्याच्या पुढेपुढे किनाऱ्याकडे सरकतात. पूर्ण भरतीला उडून नवी मुंबईच्या पाणथळ जागांवर किंवा भांडुपच्या बाजूला विसावतात.

म्हणजे पूर्ण ओहोटीला गेलात तर लांब कुठेतरी गुलाबी रेघ दिसेल. पक्षी जवळून बघायचे तर भरतीआधीचे दोन-अडीच तास धरा.

सगळ्यात सोयीचा मार्ग ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून सुटणाऱ्या बोटीचा. खाडीत पुरेसं पाणी असलं तरच बोट जाते, त्यामुळे तिच्या वेळा रोज बदलतात. सकाळच्या कोवळ्या उन्हात फेरी हवी असेल तर भरती साडेसात ते दहाच्या दरम्यान असलेला दिवस शोधा. आपल्या हिशोबाने तो दशमी ते त्रयोदशी, कुठल्याही पक्षात. शनिवार-रविवारच्या जागा लवकर भरतात, म्हणून आठ-दहा दिवस आधी आरक्षण करा. जमलं तर आठवड्यातला मधला दिवस घ्या. ठाणे-वाशी मार्गावरच्या ऐरोली स्थानकावर उतरून रिक्षा मिळते. बोटीवर पहाटे वारा बोचतो, लहान मुलांना पातळ स्वेटर असू द्या. दुर्बीण असेल तर न्याच.

दोन जाती दिसतील. लहान रोहित जेमतेम तीन फुटांचा, चोच गडद लालसर. मोठा रोहित चार-साडेचार फूट उंच, अंग पांढरट, चोच फिकट गुलाबी आणि टोकाला काळी. करड्या रंगाचे दिसले तर ती वेगळी जात नव्हे, वयात न आलेली पिल्लं आहेत. गुलाबी रंग खाण्यातून हळूहळू चढतो.

या खाडीला २०१५ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२२ मध्ये तिची महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत नोंद झाली. दोन महानगरांच्या मधोमध, कारखाने आणि उड्डाणपुलांच्या शेजारी इतके पक्षी दरवर्षी येतात, ही मुंबईकराने निदान एकदा तरी डोळ्यांनी बघावी अशी गोष्ट आहे. ड्रोन उडवू नका, थवा उठवण्यासाठी टाळ्या-शिट्ट्या वाजवू नका. चरायच्या वेळेत उठलेला पक्षी उपाशी राहतो.

बोटीच्या जागा मिळाल्या नाहीत तर सीवूड्सच्या बाजूला पाणथळ जागांच्या कडेने पायी फिरा. तिथे मात्र वेळ उलटी: पूर्ण भरतीच्या आसपास जा, कारण खाडीतून उठलेले थवे तेव्हा तिथे उतरतात.

खडकांवरचा समुद्र: प्रतिपदा ते तृतीया

हा बेत फार थोडे लोक करतात, आणि मुलांसाठी माझ्या लेखी तो सगळ्यांत चांगला. पौर्णिमा किंवा अमावास्या झाल्यानंतरच्या दोन-तीन दिवसांत समुद्र सर्वांत दूर मागे जातो, आणि ती ओहोटी सकाळी सात ते साडेआठच्या दरम्यान येते. हाजी अलीजवळचे, वांद्र्याच्या कार्टर रोडचे, जुहूचे खडक तेव्हा उघडे पडतात आणि त्यांच्या खोबणींत पाण्याची डबकी उरतात. त्यात समुद्रफुलं, शंखात राहणारे खेकडे, कालवं, लहान मासे, आणि नशीब असेल तर एखादा ऑक्टोपस. मुंबईच्या खडकांवर जिवंत प्रवाळही आहे. सागरी किनारा रस्ता बांधताना हाजी अली आणि वरळीच्या भागातलं प्रवाळ २०२० मध्ये दुसरीकडे हलवून लावावं लागलं होतं.

पहिल्यांदा जाताना जाणकारासोबतच जा. 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' हा गट २०१७ पासून अशा किनारफेऱ्या नेतो. स्वतः गेलात तरी काही गोष्टी पाळाव्याच लागतील. ओहोटीच्या तासभर आधी पोचा, म्हणजे पाणी मागे सरत असताना तुम्ही पुढे जाल. ओहोटीची वेळ झाली की परत फिरा. चढणारं पाणी आधी मागच्या खोलगट भागात शिरतं आणि वाट तोडतं. चप्पल नको, पकड असलेले जुने बूट घाला, कारण शेवाळ निसरडं असतं आणि कालवांच्या कडा पात्यासारख्या कापतात. दगड उचलला तर होता तसाच परत ठेवा. शंख घरी आणू नका. रिकामा दिसणारा शंखही कुणाचं तरी घर असू शकतो.

झाडं आणि लेणी: एक अख्खी सकाळ बोरिवलीत

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद असतं. बाकी कुठल्याही दिवशी उघडताच आत जा. मुख्य दरवाजापासून कान्हेरी सहा-सात किलोमीटर आत आहे. आतली बस मिळते, भाड्याची सायकलही. मी म्हणेन, जाताना बसने जा आणि लेणी बघून झाल्यावर अंगात बळ असेल तर थोडं अंतर रस्त्याने चाला. उद्यानाचं आणि लेण्यांचं तिकीट वेगळं.

या दिवसांत जंगल विरळ झालेलं असतं. पानगळीमुळे आरपार दिसतं, म्हणून पक्षी बघायला सोपं. काटेसावरीला एक पान नसतं आणि फांदीफांदीला लाल, मांसल फुलं. तिच्याखाली पंधरा मिनिटं शांत उभे राहा: मैना, बुलबुल, हळद्या, शिंजीर, कावळे, खारी, सगळे मध प्यायला येतात. पुढे पांगारा आणि पळस. मात्र पायवाट सोडून आत शिरू नका, अंधार पडायच्या आत बाहेर या, लहान मुलांना हाताच्या अंतरावर ठेवा. हे बिबट्याचं घर आहे आणि तो तिथे आहेच.

कान्हेरीत शंभराहून अधिक लेणी आहेत. इसवी सनपूर्व पहिल्या शतकापासून पुढे हजार वर्षांच्या आसपास इथे भिक्षूंचा वावर होता. सोपारा आणि कल्याण ही बंदरं जवळ, त्यामुळे व्यापाऱ्यांची दानं आली आणि शिलालेख कोरले गेले. सगळी लेणी एका सकाळी बघायचा हट्ट धरू नका. तिसऱ्या क्रमांकाचा चैत्य बघा. त्याच्या ओसरीत दोन्ही बाजूंना सुमारे सात मीटर उंच बुद्ध उभे आहेत आणि यज्ञश्री सातकर्णीच्या काळातला लेखही तिथेच आहे. अकरावं दरबार लेणं बघा, आतले दगडी बाक लक्षात राहतात. एक्केचाळिसाव्यात अकरा मुखांचा अवलोकितेश्वर आहे. मग वर चढा आणि पाण्याच्या पोढी, म्हणजे दगडात कोरलेली टाकी, शोधा. जवळजवळ प्रत्येक लेण्याला स्वतःचं टाकं, त्यात डोंगरावरचं पाणी आणणाऱ्या कोरीव पन्हळी. पावसाचं पाणी माघ-फाल्गुनातही त्यातल्या कित्येकांत असतं. डोंगरावर इतकी माणसं राहिली कशी, या प्रश्नाचं उत्तर मूर्तींपेक्षा या टाक्यांत जास्त सापडतं. अकरापर्यंत खाली उतरा, नंतर काळा दगड तापतो.

शहरातल्या झाडांसाठी वेगळी सकाळ नको. फेब्रुवारीअखेर विक्रोळीला पूर्व द्रुतगती मार्गाच्या कडेने बसंत रानीची झाडं गुलाबी होतात. ती सेवारस्त्याच्या पदपथावरून बघा, महामार्गावर गाडी थांबवू नका. आणि भायखळ्याच्या राणीबागेत, म्हणजे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात, पेंग्विनची रांग सोडून उर्वशी आणि सीताअशोक शोधा. उर्वशीचे लांब लोंबणारे लाल-पिवळे घोस मुंबईत फारच थोड्या ठिकाणी दिसतात. राणीबाग बुधवारी बंद. शेजारचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ मध्ये उघडलेलं. तेही बुधवारी बंद. दोन्ही एकाच फेरीत होतात.

घारापुरी

गेटवेवरून बोटीने सुमारे तासभर. सोमवारी लेणी बंद. सकाळच्या पहिल्या-दुसऱ्या बोटीने निघा. दहानंतर रांग वाढते आणि परतीलाही गर्दी. धक्क्यापासून लेण्यापर्यंत सुमारे १२० पायऱ्या आहेत, गुडघे दुखणाऱ्यांनी आधी विचार करावा. मुख्य लेण्यात तीन बाजूंनी उजेड येतो. आत शिरताच फोटो काढायला धावू नका, पाच मिनिटं एका खांबाला टेकून थांबा, डोळे सरावू द्या. मग समोरचा सुमारे वीस फुटी सदाशिव आणि त्याच्या दोन बाजूंना अर्धनारीश्वर आणि गंगाधर दिसू लागतात. महाशिवरात्रीच्या दिवशी इथे, बाबुलनाथला आणि बोरिवलीच्या मंडपेश्वरला मोठी गर्दी असते. दर्शन हवं असेल तर त्या दिवशी, शिल्पं बघायची असतील तर दुसऱ्या.

दुपार ते संध्याकाळ: काळा घोडा ते मरीन ड्राइव्ह

ही फेरी अकरानंतर सुरू करावी अशीच आहे, कारण पहिला अर्धा भाग छपराखाली जातो. भुयारी मेट्रोने हुतात्मा चौकाला उतरलात तर चालणं कमी.

आधी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. जॉर्ज विटेटची ही इमारत, गेटवेही त्याचीच. दोन तासांत सगळं होत नाही, म्हणून निवड करा: तळमजल्यावरची शिल्पं, मीरपूरखासच्या स्तूपावरच्या भाजक्या मातीच्या बुद्धमूर्ती, आणि प्राचीन अश्शूरच्या (असिरियाच्या) राजवाड्यातले कोरीव दगड. कान्हेरी आधी पाहून आलेल्याला इथले बुद्ध वेगळे दिसतात, म्हणून तो क्रम ठेवा. तिथून समोर जहांगीर कलादालन, १९५२ पासून चालू, प्रवेश मोफत. मागच्या गल्लीत निळ्या रंगाचं केनेसेथ एलियाहू सिनेगॉग, १८८४ चं.

जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात काळा घोडा कला महोत्सव असतो, १९९९ पासूनचा. कार्यक्रमांना पैसे लागत नाहीत, पण शनिवार-रविवारी संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते. सोमवार ते गुरुवार दुपारी तीनला जा आणि मांडणीशिल्पं उजेडात बघून घ्या. ज्या पुतळ्यावरून या भागाला नाव मिळालं तो सातव्या एडवर्डचा पुतळा १९६५ मध्ये इथून हलवला. तो आज राणीबागेत भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. इथे आता दिसतो तो स्वाराविना घोडा २०१७ मध्ये बसवलेला.

साडेचारच्या सुमारास ओव्हल मैदानावर या. मैदानाच्या पूर्वेला उच्च न्यायालय, विद्यापीठ आणि राजाबाई टॉवर. पश्चिमेला १९३०च्या दशकातल्या आर्ट डेको इमारतींची रांग. दोन शतकं समोरासमोर उभी आहेत आणि २०१८ मध्ये युनेस्कोने दोन्हींना एकत्रच वारसा यादीत घेतलं. मावळतीचं ऊन राजाबाई टॉवरच्या अंगावर पडतं, म्हणून टॉवरचे फोटो संध्याकाळी. आर्ट डेकोच्या बाल्कन्या आणि अक्षरं टिपायची तर सकाळी यावं लागेल. मैदान ओलांडा, चर्चगेटवरून सरळ समुद्राकडे चला. सहापर्यंत मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर पोचाल. सूर्य बुडाल्यावर गिरगाव चौपाटीपर्यंत चालत जा. त्या वेळी वारा असतो आणि रस्ता सपाट आहे.

रविवारी हा बेत असेल तर आदल्या दिवशी लोकलच्या मेगाब्लॉकच्या, म्हणजे दुरुस्तीसाठी गाड्या बंद ठेवण्याच्या, वेळा नक्की बघा. मध्य आणि हार्बर मार्गावर तो बहुधा सकाळी उशिरा सुरू होऊन दुपारपर्यंत चालतो. दहाच्या आत प्रवास संपवला आणि पाचनंतर परत निघालात तर त्रास होत नाही.

काय खायचं

हे प्रकार ऋतूबरोबर जातात, म्हणून मागाहून खाऊ असं म्हणू नका. भुलेश्वर, घाटकोपर, कांदिवलीच्या गुजराती फरसाणवाल्यांकडे उंधियू फेब्रुवारीपर्यंतच चांगला मिळतो. सुरती पापडी संपली की त्यातली गंमत गेली. दादरच्या बाजारात ओला हरभरा, तुरीच्या शेंगा आणि महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी. मार्च लागता लागता ताडगोळे. अलिबागचा पांढरा कांदा माळेने घ्या, वाऱ्याला टांगून ठेवा, उन्हाळाभर पुरतो.

आणि एक रात्र रायगडात काढता आली तर पोपटी खाऊन या. भाऊच्या धक्क्यावरून किंवा गेटवेवरून मांडवा तासाभराचं. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी किंवा मसाला लावलेली कोंबडी, ओवा आणि जाडं मीठ, पुन्हा पाला; मडकं उपडं ठेवून भोवती गवत-काटक्यांचा जाळ. पाण्याचा थेंब घालत नाहीत, शेंगा पाल्याच्या वाफेवरच शिजतात. अर्ध्या-पाऊण तासाने मडक्यावर पाण्याचा शिंतोडा मारतात. चर्र आवाज आला की झालं. अलिबाग-मुरूडच्या घरगुती मुक्कामाच्या जागांवर आधी सांगितलं तर करून देतात. वाल कोवळा असेपर्यंतच हे जमतं, म्हणून माघातच जा. फाल्गुनात शेंगा जून होतात.

वाशीच्या बाजारात हापूसच्या पहिल्या पेट्या याच सुमारास येतात आणि दुकानदार आग्रह करतील. त्या आंब्याला भाव खूप आणि आवक थोडी. पाडवा होऊ द्या, एप्रिलमध्ये आवक वाढली की तोच आंबा अधिक पिकलेला आणि स्वस्त मिळेल. आता ते पैसे ऐरोलीच्या बोटीला ठेवा.